वेग हवा, पण कुणाच्या जिवावर?

‘आजचे युग हे वेगाचे युग आहे’ हे वाक्य उच्चारल्याशिवाय आपल्याकडची एकही वक्तृत्व स्पर्धा पार पडत नाही. टाळ्याही त्या वाक्याला हमखास मिळतात. परंतु हा वेग कशाचा, तो कोणाकडून काढून घ्यायचा आणि त्याची किंमत शेवटी कोणाच्या नावे पडते, हे प्रश्न मात्र घंटा वाजेपर्यंत अनुत्तरितच राहतात. हेच प्रश्न मला प्रस्तुत लेखात एका लहानशा वस्तूच्या निमित्ताने विचारायचे आहेत. ती वस्तू म्हणजे संगणकातील स्मृती, जिला आपण सारे ‘रॅम’ म्हणतो.

ही रॅम मानक गतीपेक्षा अधिक वेगाने पळवण्याच्या खटाटोपाला ‘ओव्हरक्लॉकिंग’ म्हणतात. स्वतःचा संगणक स्वतः जोडणाऱ्या तरुणांचा हा आवडता छंद आहे. कोणी म्हणेल, हा तर विज्ञान शाखेचा विषय. कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्यात नाक का खुपसावे? माझे उत्तर असे की, स्मृती हा मूळचा आपलाच विषय आहे. इतिहास म्हणजे समाजाची स्मृती, भाषा म्हणजे पिढ्यांची स्मृती, असे आपले प्राध्यापक आपल्याला शिकवतात. आणि आज निकालपत्रे, ग्रंथालयाच्या नोंदी, जुन्या कागदपत्रांच्या प्रतिमा, आपल्या निबंधांचे मसुदे हे सारे या यंत्रस्मृतीतूनच ये-जा करीत असते. तेव्हा ती भरवशाची आहे की नाही, हे विचारण्याचा हक्क आपल्यालाही आहे.

ही स्मृती काम कशी करते ते आधी पाहू. अमेरिकन अभियंता रॉबर्ट डेनार्ड यांनी एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर यांच्या जोडीत एक बिट साठवण्याची युक्ती शोधली. १९६८ मध्ये त्यांना तिचे पेटंट मिळाले आणि आजची रॅमही त्याच युक्तीवर चालते. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला की एक, नसला की शून्य. पण हा कपॅसिटर म्हणजे गळका माठ. त्यातला भार क्षणाक्षणाला झिरपत असतो. म्हणून आजच्या डीडीआर-५ प्रकारच्या रॅममध्ये प्रत्येक ओळ साधारणपणे ३२ मिलिसेकंदांत एकदा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३१ वेळा, वाचून पुन्हा भरावी लागते. लहानपणी आपण पाढ्यांची उजळणी करीत असू, तशीच ही उजळणी. फरक इतकाच की आपण एक दिवस उजळणी चुकवली तर फार तर छडी बसे. रॅमने ती चुकवली तर पाढाच पुसला जातो.

आकड्यांचा पसारा किती वाढला तेही लक्षात घेण्यासारखे आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कामाला लागला. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. ४० बिटांचे २०४८ शब्द तीत मावत. आजच्या मापात हे झाले १० किलोबाइट. त्या कड्यांतील चुंबकत्व टिकून राही, गळतीचा प्रश्नच नव्हता. आज हौशी माणसाच्या टेबलावरच्या यंत्रात १२८ गिगाबाइट रॅम असू शकते. ही टिफ्रॅकच्या सुमारे १ कोटी ३४ लाख पट झाली. म्हणजे एक लाख कोटींहून अधिक गळके माठ, आणि ते सगळे सेकंदाला ३१ वेळा भरायचे!

आता एवढी मोठी स्मृती घ्यायची आणि ती वेगानेही पळवायची, हा अट्टाहास कशासाठी? त्याचे कारण समजायला मनमाडकरांना फार लांब जावे लागणार नाही. मराठवाड्याकडून येणारी मीटरगेज आणि मुंबईची ब्रॉडगेज आपल्या स्टेशनात एकमेकींना भेटत, त्या काळात एका रुळाच्या वाघिणीतला माल उतरवून दुसऱ्या रुळाच्या वाघिणीत भरावा लागे. दोन्हीकडे इंजिने कितीही तगडी असोत, खोळंबा व्हायचा तो मधल्या फलाटावर. १९९० च्या दशकात गेज बदलले आणि तो फलाट ओस पडला. संगणकातही प्रोसेसर आणि स्मृती यांच्यामधला हा फलाट आहे. प्रोसेसर चपळ, स्मृती मोठी. पण या दोघांमधली हमाली संथ असेल तर प्रोसेसर नुसता हात चोळीत बसतो.

घरच्या संगणकावर कृत्रिम बुद्धीची भाषा-प्रारूपे चालवणाऱ्यांना तर हे पदोपदी जाणवते. समजा, एखादे प्रारूप ४० गिगाबाइटचे आहे. उत्तरातील प्रत्येक शब्दखंड लिहिताना यंत्राला ते जवळजवळ सगळे प्रारूप स्मृतीतून एकदा वाचावे लागते. डीडीआर-५ च्या दोन पट्ट्या ६००० मेगाट्रान्स्फरच्या गतीने चालत असतील तर दोन्ही वाहिन्या मिळून सेकंदाला जास्तीत जास्त ९६ गिगाबाइट माल वाहतात; म्हणजे सेकंदाला फार तर दोन-अडीच शब्दखंड. तेच ३६०० च्या गतीला वाहतूक ५७.६ गिगाबाइटवर येते आणि सेकंदाला दीड शब्दखंडही धड मिळत नाही. हा फरक खरा आहे. तो नाकारण्यात अर्थ नाही.

आणि अडचण नेमकी इथेच आहे. क्षमता वाढवली की वेग घटतो. एएमडी कंपनीचे रायझन ७००० मालिकेतील प्रोसेसर २०२२ मध्ये बाजारात आले. दोन पट्ट्या असतील तर ५२०० आणि चार असतील तर ३६००, अशी गती कंपनीने स्वतःच ठरवून दिली. हे असे का? प्रत्येक वाहिनीच्या त्याच तारांवर एकीऐवजी दोन पट्ट्यांचा भार पडतो, संकेत परावर्तित होऊन एकमेकांत मिसळतात आणि एक व शून्य यांतला फरक अंधुक होतो. कसाऱ्याहून इगतपुरीला चढणारी गाडी आठवा. थळ घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे. तिथे डबे वाढवून वेळापत्रक तेच ठेवायचे म्हटले तर मागून बँकर इंजिने लावावी लागतात. स्मृतीच्या बाबतीत हे जादा इंजिन म्हणजे जादा व्होल्टेज. डीडीआर-५ चे मानक व्होल्टेज १.१ आहे, वेगाने पळवायच्या पट्ट्यांना १.३५ किंवा १.४ देतात. जादा व्होल्टेज म्हणजे जादा उष्णता. आणि उष्णता वाढली की माठाची गळतीही वाढते. प्रमाणित नियमातही ८५ अंश सेल्सियसच्या पुढे उजळणी दुप्पट वेळा करावी असे म्हटले आहे.

आता याच्या उलट हौशी मंडळी काय करतात ते पाहा. उजळणी चालू असताना त्या भागातून माल बाहेर पडत नाही, तेवढा वेळ वाया जातो. आणि चिपची क्षमता जितकी मोठी तितका हा वेळही अधिक. तेव्हा ते दोन उजळण्यांमधले अंतर वाढवतात. थंडीत, रिकाम्या खोलीत, हे खपूनही जाते. पण डिसेंबरच्या रात्री पक्के ठरलेले गणित मे महिन्याच्या दुपारी टिकेलच असे नाही. आपल्याकडे तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालच्या खोलीत पंखाही गरम वारा फेकतो. परदेशातल्या वातानुकूलित खोलीत बसून कोणी सांगितलेले आकडे इथे जसेच्या तसे उचलणे म्हणजे कोकणातले भाताचे बियाणे नांदगाव तालुक्याच्या माळावर पेरण्यासारखे आहे.

यावर नेहमीचे उत्तर ठरलेले असते : “माझा संगणक तर सहा महिने अशाच गतीने चालतो आहे, एकदाही बंद पडला नाही.” मला या लेखात ज्या समजुतीविरुद्ध बोलायचे आहे ती हीच. बंद न पडणे म्हणजे स्थिर असणे नव्हे. यंत्र बंद पडले तर ती एका अर्थी प्रामाणिक चूक असते. ती दिसते, माणूस सावध होतो. खरी भीती आहे ती न बोलता होणाऱ्या चुकीची. लाख कोटी बिटांतला एक बिट पालटतो, यंत्र हूं की चूं करीत नाही, आणि चुकीची नोंद बरोबर म्हणून जतन होते.

याचे उदाहरण आपल्या मराठीतूनच घेऊ. संगणकाच्या युनिकोड पद्धतीत प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे. ‘प’चा क्रमांक २३४६ आणि ‘फ’चा २३४७. या दोन अक्षरांत अंतर आहे ते फक्त एका बिटाचे. तो पालटला की ‘पळ’चे ‘फळ’ होते. ‘द’ आणि ‘ध’ यांत एकच बिट. ‘दार’ची ‘धार’ होते. ‘ज’ आणि ‘झ’ यांतही एकच. ‘जरा’चा ‘झरा’ होतो. शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्रणेला यात काहीच वावगे दिसत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत! अक्षरांवर हसू येईल, पण अंकांचे काय? मराठी ‘३’चा क्रमांक २४०९ आणि ‘२’चा २४०८. गुणपत्रिकेतल्या ३५ मधला एक बिट पालटला की २५ होतात. एक विद्यार्थी नापास होतो आणि या चुकीची साक्ष द्यायला जगात कोणीही नसते. रोमन अंकांतही ‘३’ आणि ‘२’ यांत एकाच बिटाचे अंतर आहे. तेव्हा इंग्रजीत नोंदी ठेवून सुटका होत नाही.

हे केवळ कल्पनेचे खेळ आहेत असे वाटत असेल तर बेल्जियममधली घटना सांगतो. १८ मे २००३ च्या निवडणुकीत स्कारबेक या ठिकाणी एका उमेदवाराच्या नावावर ४०९६ मते जादा जमा झाली. मिळू शकत होती त्याहून ती अधिक दिसली, म्हणूनच चूक लक्षात आली. ४०९६ हा आकडा म्हणजे दोनचा बारावा घात. म्हणजे मोजणीतला नेमका तेरावा बिट शून्याचा एक झाला होता. कार्यक्रमात दोष सापडला नाही. स्मृतीतला बिट आपोआप पालटला असावा, असाच निष्कर्ष निघाला. जादा मते चारच असती तर? ती कोणाच्या ध्यानीमनीही आली नसती.

ते यंत्र कोणी मुद्दाम पळवले असल्याचेही कुठे नमूद नाही. गूगलच्या संगणकांच्या ताफ्यावर केलेला एक मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर वर्षी आठ टक्क्यांहून अधिक स्मृती-पट्ट्यांत निदान एक तरी चूक नोंदली गेल्याचे आढळले. ही व्यावसायिक निगराणीतली यंत्रे होती. साधी चाल असताना हे घडते, तर चाबूक मारून पळवलेल्या स्मृतीवर किती विसंबायचे, याचा ज्याने त्याने विचार करावा.

“मग चाचणी घेऊन पाहावे,” असे कोणी सुचवील. अवश्य घ्यावी. मेमटेस्टसारखे कार्यक्रम स्मृतीच्या प्रत्येक खान्यात ठरावीक नमुने लिहून ते परत वाचतात आणि तफावत दाखवतात. पण इथेही मोठी क्षमता आडवी येते. त्याच गतीने १६ गिगाबाइट तपासायला जितका वेळ लागतो त्याच्या आठपट १२८ गिगाबाइटला लागतो. एक फेरी पुरत नाही; अनेक हव्यात, आणि यंत्र तापलेले असताना हव्यात. पुष्कळ जण अर्धा तास चाचणी चालवून ‘सर्व काही ठीक’ असा निर्वाळा देऊन मोकळे होतात. हे पहिल्या पानावरून पुस्तकाचे परीक्षण लिहिण्यासारखे आहे. आणि ते किती वाईट असते हे आपल्याला कोणी सांगायला नको.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. ओव्हरक्लॉकिंग करणारा तरुण काही गुन्हेगार नव्हे. नवे यंत्र घेण्याची ऐपत नसलेला विद्यार्थी आहे त्या यंत्रातून चार आणे जास्त काम काढू पाहतो, यात काटकसर आहे, जिज्ञासाही आहे. बायोसमधले ते आकडे हलवता हलवता त्याला यंत्राचे जे ज्ञान होते ते शंभर पानी पुस्तकाने होणार नाही. शिवाय कंपन्यांनीही या हौसेला खतपाणी घातले आहे. इंटेलने २००७ मध्ये ‘एक्सएमपी’ ही सोय आणली. पट्टीच्या वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापलेली गती हीच बहुधा ओव्हरक्लॉक केलेली असते. एक कळ दाबली की ती लागू होते. प्रोसेसर बनवणारे मात्र तिला मानक गती समजत नाहीत. म्हणजे विक्रेता वेग विकतो, आणि जोखीम गिऱ्हाइकाच्या पिशवीत गुपचूप टाकतो. तेव्हा दोष एकट्या हौशी मुलाला देणे अन्यायाचे होईल.

माझे म्हणणे एवढेच आहे की, यंत्र कोणाचे यापेक्षा त्यातली नोंद कोणाची, हा प्रश्न आधी विचारावा. खेळ खेळायचा आहे, स्वतःचे चित्रीकरण जोडायचे आहे, प्रारूप चालवून गंमत पाहायची आहे, तर खुशाल रॅम पळवा. बिघडले तर तुमचेच बिघडेल. परंतु ज्या यंत्रावर दुसऱ्याचे गुण, दुसऱ्याचा पगार, दुसऱ्याच्या जमिनीचा उतारा किंवा रुग्णाचा अहवाल आहे, तिथे मानक गतीच्या पुढे एक पाऊलही टाकू नये. तिथली दोन मिनिटांची बचत ही आपली असते, आणि चूक झाली तर ती भोगणारा दुसराच कोणी असतो. भल्याबुऱ्याची सीमारेषा मला इथे दिसते.

आणि ज्यांना मोठी स्मृती खरोखरच हवी आहे, त्यांच्यासाठी शहाणपणाचे मार्ग आहेत. चार लहान पट्ट्यांऐवजी दोन मोठ्या घ्याव्यात. एका पट्टीत ४८ गिगाबाइट मिळू लागल्यालाही आता काही वर्षे झाली, आणि तारांवरचा भार त्यामुळे कमी राहतो. वेग एकेक पायरीने वाढवावा, प्रत्येक पायरीवर रात्रभर चाचणी घ्यावी आणि जिथे पहिली चूक दिसेल तिथून दोन पायऱ्या खाली उतरून थांबावे. हिवाळ्यात ठरवलेला आकडा उन्हाळ्यात पुन्हा तपासावा. आणि जिथे चूक परवडणारच नाही तिथे चूक दुरुस्त करणारी ‘ईसीसी’ स्मृती घ्यावी. ती जरा महाग असते आणि तिला चालेल असे यंत्रही लागते. डीडीआर-५ च्या साध्या पट्टीतही थोडी दुरुस्तीची सोय असते खरी. पण ती चिपच्या आतपुरतीच. तारेवरून जाताना झालेली चूक तिला कळत नाही.

ईसीसीचे तत्त्व रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मांडले : मूळ बिटांबरोबर काही जादा बिट अशा हिशेबाने ठेवायचे की एक बिट पालटला तर तो कोणता ते ओळखून सरळ करता यावा. कला शाखेच्या विद्यार्थ्याला या कल्पनेत परके काही वाटू नये. आपल्या घनपाठी वैदिकांनी काय केले? तेच शब्द सुलट, उलट, पुन्हा सुलट असे गुंफून म्हटले. पाठांतराला वेळ कितीतरी पट लागला, पण एक स्वरसुद्धा ढळला तर तो तिथल्या तिथे उघडा पडे. शतकानुशतके ग्रंथ तोंडी टिकला, तो वेगामुळे नव्हे. या मुद्दाम स्वीकारलेल्या संथपणामुळे.

पोथ्यांच्या बाबतीत मात्र तशी दक्षता नेहमीच राहिली नाही. नकलामागून नकला होत ज्ञानेश्वरीत अपपाठ शिरले, आणि संत एकनाथांना शके १५०६ मध्ये ती शुद्ध करावी लागली. तिथे निदान तुलनेला अनेक पोथ्या होत्या. आपल्या काळातला धोका याहून अवघड आहे. स्मृतीत बिघडलेली नोंद जतन झाली की तिच्या सगळ्या प्रतीही तशाच बिघडलेल्या निघतात. दहा ठिकाणी ठेवलेली एकच चूक ही दहा पुराव्यांसारखी दिसते. आज आपल्या परिसरातील संस्था जुनी दप्तरे, मोडी कागद, गावोगावची हस्तलिखिते यंत्रात उतरवून घेत आहेत. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आपल्यापासून काही फार दूर नाही. ज्या राजवाड्यांनी कागदाच्या एकेका चिटोऱ्यासाठी गावोगाव पायपीट केली, त्यांच्या वारसदारांनी यंत्राची गती दहा टक्क्यांनी वाढावी म्हणून अक्षर पणाला लावू नये. हे काम पुढे करणाऱ्यांत आपल्यापैकीच काही जण असतील, म्हणून हे आजच बोलून ठेवतो.

आपल्या महाविद्यालयापुरती एक साधी सूचना करतो. निकाल, ग्रंथालय आणि हस्तलिखिते यांसाठी जी यंत्रे असतील त्यांची रॅम मानक गतीवर ठेवावी, वर्षातून दोनदा, एकदा थंडीत आणि एकदा मे महिन्यात, तिची पूर्ण चाचणी घ्यावी आणि नवी खरेदी करताना गतीच्या आकड्याआधी ईसीसीची चौकशी करावी. यासाठी शास्त्रज्ञ लागत नाही. एका रात्रीचा धीर लागतो. ज्या मित्रांना ओव्हरक्लॉकिंगचा छंद आहे त्यांनीच ही चाचणी अंगावर घेतली तर सोन्याहून पिवळे, कारण स्मृती कुठे डगमगते हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे?

मित्रहो, वेगाला माझा विरोध नाही. जे आपले आहे ते हवे तेवढे पळवावे. पण जे दुसऱ्याने विश्वासाने आपल्यापाशी ठेवले आहे, त्याची उजळणी चुकवण्याचा अधिकार आपल्याला नाही.